मंजूला ऐकू आलेली नटी

एका जुन्या मूकपटाचं एकच रीळ शिल्लक आहे. ते दाखवणार होते म्हणून मी भाचीला, मंजूला, घेऊन गेले. मंजूला जन्मापासून ऐकू येत नाही. ती ओठ वाचते. पडद्यावर नायिका डोळे टिपत काहीतरी बोलली. मग अक्षरं आली, ‘नाथ, मला विसरू नका.’ मंजू खुदकन हसली. खुणांनी मला म्हणाली, “ती म्हणतेय, भूक लागलीय, आटपा लवकर.”

बोलपट आले तेव्हा आवाज बरा नाही म्हणून या बाईंना घरी बसवलं होतं. त्यांचं बोलणं मात्र रिळात तसंच राहिलं, कुणीतरी येईल म्हणून.

मंजूने पिशवीतला डबा उघडला आणि एक लाडू पडद्याकडे धरला.