हातापायांची वीस बोटं

कुनुयाकनं शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं सूप ढवळलं, तीन पोरं वाढवली, नवऱ्याला पुरलं, पण व्हिटकोमला माफ केलं नाही. तेवढी भली बाई ती नव्हतीच.

एकोणीस वर्षांपूर्वी पक्षीखात्याच्या या साहेबानं तिच्या आपाला, म्हणजे बापाला, खाडीवरचे तुतवार पक्षी मोजायला सांगितलं. दक्षिणेला निघण्याआधी ऑगस्टात ते चिखलावर उतरतात. म्हातारा आठ दिवस वाऱ्यात बसून काठीवर खुणा पाडत राहिला. एक खूण म्हणजे एक माणूस, हातापायांची वीस बोटं. गावात मोजतातच तसं. साहेबानं खुणेमागे दहा धरले. विमानातून काढलेल्या अंदाजाच्या निम्मीच पाखरं भरली, तेव्हा त्यानं अहवालात लिहिलं, ‘मोजणाऱ्याला मोजता येत नाही.’ ते वाक्य भर सभेत वाचलं गेलं. आपा पुन्हा खाडीवर फिरकला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात त्यानं डोळे मिटले.

यंदा व्हिटकोम स्वतः मोजायला आला. त्याला होडी हाकणारं कुणीतरी हवं होतं. कुनुयाक आपणहून पुढे झाली. त्यानं तिला ओळखलंही नाही, याचा तिला आनंदच झाला.

सकाळी अलीकडच्या चिखलावर त्यानं चार हजार दोनशे मोजले. दुपारी पूर्वेचा वारा सुटला, पलीकडच्या वाळूच्या दांड्याशी पाणी ओसरलं आणि अख्खा थवा उठून तिकडे गेला. साहेब तेव्हा पाठमोरा बसून कॅरिबूचं सुकं मांस चावत होता.

"पलीकडेही दिसताहेत," तोंड पुसत तो म्हणाला.

"आहेत की. नेऊ?"

तीच पाखरं त्यानं पुन्हा मोजली. कुनुयाकला आतून उकळ्या फुटत होत्या, पण ती वल्ह्यावर हात ठेवून गप्प बसली.

संध्याकाळी सभेत त्यानं ऐटीत आकडा सांगितला: आठ हजार तीनशे.

"साहेब, पायात हिरवा पट्टा असलेलं पाखरू दिसलं का हो?" कुनुयाकनं विचारलं.

"दिसलं तर! दोन्हीकडे एकेक."

"पट्ट्यांवरचे नंबर वाचा की."

त्यानं वही उघडली. सकाळी सतरा. दुपारीही सतरा. मागे कुणीतरी खुसखुसलं, मग अख्खं गाव हसत सुटलं.

व्हिटकोम लालबुंद झाला. "तुम्ही होडीतच होता ना! तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस?" ती उठून त्याच्या टेबलाशी आली. "माझ्या आपालाही विचारलं नव्हतंस, एक खूण म्हणजे किती."

आता त्यानं तिला ओळखलं. तिनं पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली.

"आकड्याखाली तेच वाक्य लिही. शब्द आठवत नसले तर मी सांगते, मला पाठ आहेत."

त्यानं मान खाली घालून लिहिलं. "आणि खाली नाव कुणाचं?"

"मोजलं कुणी?"