मशीनमध्ये भरलेलं पाणी

आईच्या हातांसाठी म्हणून मी तो फ्लॅट भाड्यानं घेतला. सोलापुरात विजापूर रोडला, शहर संपतं तिथं. लिफ्ट, चोवीस तास पाणी आणि स्वयंपाकघराला लागून धुण्याची वेगळी खोली. तिच्यात मालकीणबाईंचंच वॉशिंग मशीन. माझ्या पगाराला ते भाडं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण चार घरची धुणीभांडी करून आईनं मला शिकवलं होतं आणि सोड्यानं तिची बोटं कायमची चिरली होती. तिनं आता कपडे पिळायचे नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आधी तीन ठिकाणी जात विचारली. मी बौद्ध म्हणून सांगितलं. 'कळवतो' म्हणाले, कुणी कळवलं नाही. इथं मालकीणबाईंनी फक्त आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून त्यांनी काय तो समज करून घेतला. मी तो मोडला नाही. राहायला आलो त्या दिवशी आईनं पिशवीतून निळ्या कोटातला फोटो काढला. "कुटं लावायचा?" म्हणाली. मी "नंतर बघू" म्हणत तो कपाटात ठेवला. हे मी माझ्या हातानं केलं.

आमच्या जुन्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी यायचं. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी लग्नकार्य असलं तरी आई घर सोडायची नाही. फ्लॅटमधल्या पाचव्या दिवशी, रविवारी, मी अंघोळ करून बाहेर आले तर बादल्या, पातेली, कुकर, माझा डबासुद्धा काठोकाठ भरलेला. आणि वरून झाकण उघडणारं ते मशीनही.

"अगं, त्यात कपडे धुवायचे असतात!" मी पोट धरून हसले.

"म्हाईत हाय की मला. पण लई मावतंय बघ त्यात. उद्या पानी गेलं मग?"

इतक्यात बेल वाजली. गिझर गळतो म्हणून मीच मालकीणबाईंना बोलावलं होतं; आईला त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्या सरळ आत गेल्या. लुगडं खोचून उभी असलेली आई आणि भरलेलं मशीन, दोन्ही त्यांनी पाहिलं.

"बाई नवीन ठेवलीत वाटतं? यांना समोर उभं राहून शिकवावं लागतं हो. आणि कुठली, कोण, चौकशी केलीत ना? आम्ही कुणालाही आत घेत नाही."

ती माझी आई आहे. चारच शब्द होते. पण त्यामागून पुढचे प्रश्न येणार होते आणि मग 'जागा रिकामी करा'.

"हो, शिकवते," मी म्हणाले. जीभ अडखळलीसुद्धा नाही, याचीच मला आजही चीड येते.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तांब्यानं मशीन उपसायला लागली. मालकीणबाई गिझर बघून सोफ्यावर टेकल्या, सोसायटीच्या गणपतीबद्दल बोलत राहिल्या. मी हसून माना डोलावत होते. थोड्या वेळानं आई डोक्यावर पदर घेऊन ट्रे घेऊन आली. आधी त्यांना कप दिला. मग माझ्यासमोर वाकली आणि बाईंना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमचा चा."

मी तो घेतला.