नाबोरचे नवे दात

ला पाझच्या धक्क्यावर बत्तीस नावाडी आहेत आणि त्यांतले एकतीस जण भुंकतात. बत्तिसावा पूर्वी शाळामास्तर होता, त्याला लाज वाटते.

भुंकावं लागतं, त्याला इलाज नाही. सकाळी बोटीत दहा पाहुणे भरायचे, तासभर उत्तरेकडे हाकायचं आणि लोस इस्लोतेसच्या दोन खडकांपाशी जाऊन तरंगत राहायचं. पाहुणे डोळ्यांना चष्मे आणि पायांना रबरी पंजे लावून बदकांसारखे पाण्यात पडतात. समुद्रसिंहांची पिल्लं खेळायला आली तर पाहुणे घरी जाऊन जन्मभर तेच सांगत बसतात. नाही आली तर दहा माणसं पाण्यात एकमेकांचे पाय बघून परत येतात आणि परतीच्या वाटेवर बोटीत सुतक असतं. म्हणून प्रत्येक नावाड्याची आपली एक हाक असते. चेमाची हाक म्हणजे जुनी मोटर पेटता पेटत नाही तशी: ख्रर्र, ख्रर्र, फट. जाडा बेतो भुंकायला लागला की पाहुण्यांना वाटतं, नावाड्यालाच बोट लागली.

नाबोरची हाक मात्र सगळ्यांत न्यारी. त्याने तोंड उघडलं की 'आँऽर्क, आँऽर्क, ईंऽऽ' असं काहीतरी निघायचं आणि खडकावरची पिल्लं भराभर पाण्यात उड्या टाकायची.

ही देणगी त्याला मोटरने दिली. एकोणीस वर्षांपूर्वी मोटर ओढताना दोरीची मूठ सुटून थेट तोंडावर बसली आणि वरचे पुढचे चार दात समुद्राला गेले. त्या वेळी त्याने जी बोंब ठोकली ती ऐकून सतरा पिल्लं बोटीभोवती जमली. नाबोर एका हाताने तोंड दाबत होता आणि दुसऱ्या हाताने पिल्लं मोजत होता. तेव्हापासून तोंडातलं ते भगदाड हेच त्याचं भांडवल. छाती फुगवून सांगायचा, की ही खडकावरच्या सगळ्यांत थोरल्या नराची हाक आहे, आणि बाप बोलावतोय म्हटल्यावर पोरं येणारच.

नाबोर एकसष्टचा, पोट सुटलेलं, मिशा समुद्रसिंहासारख्याच ताठ आणि विरळ. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. दोन वर्षांपासून तो रोज चार वाजता समुद्राकाठच्या रस्त्यावर कूकाच्या गाडीवर यायचा आणि लिंबू-मिरची मारलेल्या सहा कच्च्या शिंपल्या खायचा. सहाच का, तर सहा शिंपल्यांत एक किस्सा बसतो. तो किस्सा सांगायचा, त्या भगदाडातून फुसफुसत हसायचा, आणि कूका सुरी थांबवून हसायची. कूकाही विधवा, छप्पन्नची. बाप शिंपल्यांसाठी बुड्या मारायचा, पुढे तिनेही वीस वर्षं मारल्या. बोलण्यात कोणाच्या बापाला ऐकायची नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी नाबोरने सहावी शिंपली गिळली आणि तिला लग्नाचं विचारलं. कूकाने हात पुसले. म्हणाली, तुझी पोरं तुझं इतकं ऐकतात म्हणतोस ना, मग एकदा मला त्यांच्याकडे ने. ती माझ्याजवळ आली तर तिथल्या तिथे उत्तर देते.

नाबोर म्हणाला, उद्याच. मग त्याच्या लक्षात आलं की उद्या जून. जूनपासून ऑगस्टपर्यंत तिथे पाण्यात उतरायला बंदी असते, कारण पिल्लं जन्मतात आणि नर माणसांना फाडायला बघतात. म्हणजे तीन महिने थांबणं आलं.

आता रिकामा माणूस आणि रिकामा मित्र एकत्र बसले की जे होतं ते झालं. चेमा म्हणाला, उत्तर ऐकायला जाणार ते असं तोंडात बोगदा घेऊन? बाईमाणूस काय म्हणेल? नाबोरला पटलं. तो दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसला आणि जूनच्या मध्यावर चार पांढरेशुभ्र दात घेऊन बाहेर आला. काढता-घालता येणारे. इतके पांढरे, की चेमाने कपाळावर आडवा हात धरून बघितलं.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नाही. आपले नावाडी जमिनीवर कधी भुंकत नाहीत. जो धक्क्यावर भुंकेल त्याला आठवडाभर उत्तरेचा वारा छळतो, असं पक्कं मानतात. बेतो एकदा बारशात दोन घोट जास्त घेऊन भुंकला, आठ दिवस एक बोट निघाली नाही, आणि त्याला अजून कोणी बारशाला बोलावत नाही. तेव्हा नाबोरने नव्या दातांनी बोलून बघितलं, शिट्टी मारून बघितली, आरशात मान तिरकी करून हसून बघितलं. भुंकून मात्र बघितलं नाही.

एक सप्टेंबरला सकाळी बोटीत तिघंच होती. नाबोर, कूका, आणि अब्रू सांभाळायला आलेली कूकाची थोरली बहीण तोमासा. तोमासाने सहा पोरं वाढवलेली, कशालाच न भिणारी, फक्त पाण्याला भिणारी. तिने दोन लाइफ जॅकेटं चढवली होती, एक पुढून, एक मागून, त्यामुळे तिचे हात खाली येत नव्हते.

बोट लाटांवर आपटायला लागली तसे नाबोरचे दात वाजायला लागले. टक, टक, टक.

"तुझी मोटर वाजतेय रे," तोमासा म्हणाली.

"वाजते," नाबोर ओठ न उघडता म्हणाला.

कूकाने त्याच्याकडे बघितलं आणि मग समुद्राकडे. गेल्या दोन-अडीच महिन्यांत त्याने तिला एकही किस्सा सांगितला नव्हता. शिंपल्या दातांत अडकतील म्हणून तो त्या आख्ख्या गिळायचा, आणि हसला तर दात सुटतील म्हणून ओठ मिटून मान डोलवायचा. कोणी म्हणेल, बिशपच्या भेटीला आलाय. त्याला स्वतःला वाटत होतं, काय रुबाब दिसत असेल आपला.

खडकांपाशी पाच बोटी आधीच तरंगत होत्या. मोसमाचा पहिला दिवस, पाण्यात पाहुणेच पाहुणे. चेमा ख्रर्र ख्रर्र करून दमला होता. पिल्लं खडकावर ढिगाने पसरून जांभया देत होती, आणि त्यांच्यासमोर वकीलसाहेब येरझारा घालत होते. वकीलसाहेब म्हणजे तिथला थोरला नर. वजन चार माणसांचं, काम काडीचं नाही आणि सकाळपासून तोंड चालू, म्हणून नावाड्यांनी ठेवलेलं नाव.

कूका चष्मा लावून पाण्यात उतरली आणि बोटीची कड धरून थांबली. चेमाने आपल्या पाहुण्यांना गप्प केलं. सगळ्या बोटी नाबोरकडे बघायला लागल्या. नाबोरने मिशा पुसल्या, छाती भरून घेतली आणि भुंकला.

"ओंग्. ओंग्. ओंग्."

असा भरदार, खर्जातला, मर्दानी आवाज आयुष्यात त्याच्या गळ्यातून निघाला नव्हता. क्षणभर त्याला स्वतःलाच अभिमान वाटला. मग खडकावरची पिल्लं एकसाथ उठली आणि खडकाच्या पलीकडे पळाली. वकीलसाहेब थांबले. आपल्या हद्दीत कोण नवीन आला म्हणून त्यांनी मान उंचावली, आणि धबाक्कन पाण्यात शिरले.

कूकाला नाबोरने आणि तोमासाने मिळून वर ओढली, म्हणजे नाबोरने ओढली आणि तोमासाने आडवे हात हलवले. बाकीचे पाहुणेही ओरडत आपापल्या बोटीत चढले. वकीलसाहेबांनी बोटीला तीन फेऱ्या घातल्या, नाबोरच्या तोंडासमोर तोंड आणून आठ-दहा वेळा खडसावलं, आणि त्यांच्या तोंडाच्या वासाने तोमासाला जे इतका वेळ झालं नव्हतं ते झालं. नाबोर मान खाली घालून उभा होता. तेव्हा कुठे साहेब गेले.

नाबोरने दुसऱ्या बाजूला बोट नेऊन पुन्हा एकदा प्रयत्न केला. पुन्हा ओंग्, पुन्हा साहेब, पुन्हा तीन फेऱ्या.

"झालं दाखवून?" तोमासा कडेला लोंबकळत म्हणाली. "चला घरी."

 कूका चष्म्याचा पट्टा सोडवायला लागली. ती पिल्लं आली नाहीत तर उत्तर नाही, आणि हे दात असेपर्यंत पिल्लं येणार नाहीत, एवढं नाबोरला आता कळलं होतं. दात काढावे तर पाच बोटींसमोर आणि तिच्यासमोर बोळकं उघडं. तो मोटरशी काहीतरी करतोय असं दाखवत वळला, पाठमोरा वाकला, दात काढून डाव्या मुठीत धरले, ती मूठ बोटीबाहेर पाण्याशी लपवली आणि डोळे मिटून भुंकला.

"आँऽर्क. आँऽर्क. ईंऽऽ."

तोमासाने मान वर केली. बोट लागलेली, जॅकेटांत अडकलेली, पण सहा पोरांची आई होती ती. म्हणाली, "अगं बाई. हा बाप कुठला, ही तर आई हाक मारतेय. जेवायला या म्हणून."

एकोणीस वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेजारच्या बोटीत चेमा खाली बसला आणि हसताना त्याच्या हातून वल्हं पाण्यात गेलं. नाबोरचे कान लाल झाले. थोरला नर म्हणून ज्या हाकेवर तो इतकी वर्षं मिरवला, ती कुणा लेकुरवाळीची निघाली होती. पण खडकाच्या पलीकडून एक डोकं वर आलं, मग चार, मग मोजता येईनात, आणि सगळी पिल्लं पाणी कापत बोटीकडे सुटली. मग नाबोरने लाज गुंडाळून ठेवली. दुधासाठी हाक मारायची तर नीट मारू, असं ठरवून त्याने 'ईंऽऽ' इतकं लाडाने लांबवलं, की एक पिल्लू बोटीत चढून तोमासाच्या मांडीवर आलं आणि तिचं पुढचं जॅकेट चोखायला लागलं.

"याला सांगा, माझं वय झालं," तोमासा म्हणाली.

कूका केव्हाच पाण्यात होती. पिल्लं तिच्याभोवती गिरक्या घेत होती, तिच्या रबरी पंजांना दातांनी ओढत होती, उलटी होऊन तिच्या चष्म्यात डोकावत होती. आणि तेवढ्यात नाबोरच्या डाव्या मुठीला कोणीतरी मऊ, मिशाळ नाकाने ढुसणी दिली. गुदगुल्या झाल्या. मूठ उघडली.

पिल्लाने दात तोंडात धरले, डोकं वर काढून सगळ्यांना दाखवले, हवेत उडवले, पुन्हा झेलले. दुसऱ्याने हिसकावले. चेमाच्या बोटीतल्या एका पाहुणीने विचारलं, हा कुठला शिंपला आहे. 

कूकाने एकदा दातांकडे बघितलं, एकदा नाबोरच्या उघड्या तोंडाकडे. मग तिने आपल्या लाइफ जॅकेटचे बंद सोडले. पलीकडच्या बोटीवरून कोणीतरी ओरडून सांगितलं की बाई, जॅकेट काढायला परवानगी नाही. तुझ्या जन्माच्या आधीपासून बुड्या मारतेय, असं सांगून ती खाली गेली. पिल्लाला खेळाचा कंटाळा आला होता, दात तळाकडे चालले होते. नाबोर कडेवर ओणवा होऊन बुडबुडे बघत राहिला. दातांची त्याला काही पडली नव्हती. वर येऊन ती काय म्हणेल, याचीच धास्ती. बराच वेळ झाला. मग कूका वर आली, बोटीची कड धरली आणि मूठ उघडली, अगदी गाडीवर शिंपली उघडून दाखवते तशी.

"तुझे का?"

पाच बोटी कान देऊन ऐकत होत्या.

"माझेच," नाबोर म्हणाला. भगदाडातून वारा फुसफुसला.

"मी आज नाही म्हणायला आले होते," कूका म्हणाली. "ताईला विचार."

तोमासाने मांडीवरच्या पिल्लावरून हात फिरवत दुजोरा दिला, की काल संध्याकाळीच ठरलं होतं, मीच म्हटलं, नाही म्हणायचंच आहे तर निदान बेट बघून घे.

"अडीच महिने समोर बसतोस," कूका म्हणाली, "सहा शिंपल्या गिळतोस आणि पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखं तोंड करून उठून जातोस. मला वाटलं, विचारलं त्याचा पस्तावा झालाय याला. तोंड उघडायला काय झालं होतं?"

"पडले असते."

"कोण?"

"दात."

कूकाने ते चार दात उन्हात धरून उलटसुलट बघितले आणि पोहण्याच्या कपड्याच्या गळ्यात खोचून टाकले.

"हे माझ्याकडे राहतील. फोटोपुरते देईन."

"कसला फोटो?" नाबोरने विचारलं.

तोमासाने आभाळाकडे बघितलं. "लग्नाचा, गाढवा. आता तिला वर घे, मला घरी जायचंय."

नाबोरला ते उमगायला एक लाट जावी लागली. मग त्याने दोन्ही हात पुढे करून कूकाला धरलं आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा तो तोंड पसरून, खदखदून हसला. ते हसू भगदाडातून 'ईंऽऽ' करत बाहेर पडलं. परतायला लागलेली पिल्लं जागच्या जागी वळली आणि पुन्हा झुंडीने बोटीवर चालून आली. दोघांनी कूकाचे पंजे धरले, एकाने कोपर, आणि तिला नाबोरच्या हातातून सोडवून मागे ओढून नेलं.

"हसू नकोस," तोमासा म्हणाली. "हसू नकोस म्हणते ना."

पण त्याला ते थांबवता येईना.