सिद्रामचं भिंग

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला आज का सांगतो आहे, ते मलाही नीट कळत नाही.

शुक्रवार पेठेत माझा फोटो स्टुडिओ. सिद्राम सांगोल्याकडच्या मेंढपाळाचा मुलगा, इथे गिरणीत कामाला. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येऊन फोटोचं काम शिकायचा. कुठूनशी त्याने कॅमेऱ्याची जुनी पेटी मिळवली, पण तिला भिंग नव्हतं. गावी आई अंथरुणाला खिळलेली, तिचा फोटो त्याला काढायचा होता. म्हातारी मात्र एकटीने बसायला तयार नव्हती. एकट्याचा फोटो काढला की आयुष्य सरतं, असं तिच्या मनात पक्कं बसलेलं. मुलं, सुना, नातवंडं — सगळी शेजारी हवीत.

"अण्णा, भिंग एकच घ्यायचं हाय. कुटलं घिऊ, तुमीच सांगा की," तो म्हणाला.

माझ्यापाशी दोन होती. एक आखूड, लहानशा खोलीतही सगळं घर मावेल असं. दुसरं लांब. त्यात चेहरा सुरेख येतो, पण चार माणसं मावायची तर बरंच मागे सरावं लागतं. यात विचार करण्यासारखं काय होतं? गावी त्यांच्या घरी मी जेवून आलो होतो, आईची ती लहानशी खोली मी पाहिली होती. तरी — कसं सांगू? सिद्रामचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हा घरोघर जाऊन कुटुंबांचे फोटो काढू लागला, तर माझी पायरी कोण चढणार? माझ्या पोटात दुखलं. मी लांब भिंग दिलं. नवशिक्याला हेच बरं, असंही वर म्हणालो. तो माझ्या पाया पडला.

परत आला तो डोकं भादरून. भिंतीला पाठ लावली तरी भिंगात एकटी आईच मावत होती, म्हणाला. उजेड चालला होता. सगळी फोटोत आलीत असं तिला खोटंच सांगून त्याने फोटो काढला. त्याच आठवड्यात ती गेली. हे कळताच भावांनी त्याला घराबाहेर काढलं, तूच आईला मारलंस म्हणून.

"अण्णा, चूक माजीच हाय न्हवं?"

तेव्हा तरी खरं बोलायला काय झालं होतं मला?

"तू अजून मागे सरायला हवं होतंस," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, पेटी भिंगासकट माझ्या बाकावर ठेवली आणि गेला. पुन्हा त्याने कॅमेऱ्याला हात लावला नाही.

ते भिंग मी अजून वापरतो. चेहरे त्यात सुरेख येतात.