बोटाला टोचून काढलेला अंदाज

काचपट्ट्या धुतल्या की कोऱ्या होतात. किस्से काही धुवून जात नाहीत, साचतच राहतात! ऐंशीच्या दशकात मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत धुण्यापुसण्याला होतो. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण जीवशास्त्राच्या सरांबरोबर पार बदलापूरपर्यंत हिंडलो. सरांची पीएचडी झाली तरच नोकरी पक्की होणार होती. विषय असा, की आपल्या भागात निगेटिव्ह रक्ताची माणसं किती?

“सगळ्यांना टोचणार का हो?” मी विचारलं.

“छे, दामूभाऊ! थोड्यांनाच. मग बघायचं, खरं प्रमाण किती असतं तर आपल्याला दिसलं तेच सगळ्यात सहज दिसलं असतं. तोच आपला अंदाज.”

मला पटलं बुवा.

*

ही सवय सरांना बाजारातही सुटेना. सिंधी पेरूवाल्याचे तीन पेरू फोडले, तिन्ही किडके. “अंदाज असा, की अख्खी टोपली किडकी!”

पेरूवाल्याने चौथा उचलला, स्वतः चावला, आतून पांढराशुभ्र दाखवला. “साईं, ये भी उसी टोकरी में था!”

*

अंबरनाथ एमआयडीसीत गेटवर टोचायचो. टोचलं की ग्लुकोज बिस्किटाचा पुडा. एक गडी दुसऱ्यांदा रांगेत उभा.

“तुमचं परवा झालं ना?”

“साहेब, ते परवाचं रक्त. हे ताजं आहे!”

*

एका घरातलं रक्त एकसारखं निघतं, म्हणून घरटी एकच माणूस घ्यायचा. उल्हासनगरच्या सिंधी कॅम्पातले एक शेठ अख्खं खानदान घेऊन आले. सरांनी नियम सांगितला, तर शेठनी स्वतःचं बोट पुढे केलं. “मेरा लो. बाकी सब मेरे जैसे ही हैं!”

“म्हणूनच तर एकच घेतोय, शेठ!”

*

शेवटी बाहेरगावचे परीक्षक आले. सरांचा आवाज ठाम. मी चहा घेऊन दाराशीच थांबलो.

परीक्षकांनी प्रबंधाच्या एका पानावर बोट ठेवलं. “बदलापूरच्या कात्रपमध्ये निगेटिव्ह शून्य?”

“नमुन्यात एकही निघाला नाही, सर. म्हणून अंदाज शून्य.”

“छातीठोक सांगता?”

“छातीठोक!”

“राहता कुठे?”

“कात्रपला.”

“तुमचा रक्तगट?”

सर माझ्याकडे बघायला लागले. मी चहाकडे.

“ओ निगेटिव्ह, सर.”

“मग?”

“मी मोजणारा होतो, सर. मला कोणी मोजलंच नाही!”

परीक्षक इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले,

“आज घरी जाऊ नका. अंदाज चुकेल!”