क्रौंचाची मान

परबकाकांच्या हातात कुठलंही कापड आलं की ते आधी उलटं करायचे. साडी असो, टॉवेल असो, लग्नात आहेर आलेला शर्टपीस असो, सुलट बाजू नंतर. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी नव्या नोकरीसाठी घेतलेली नवी ओढणी मिरवत दारात उभी होते. त्यांनी नावगाव विचारलं नाही. कपाळावरचा चष्मा खाली ओढला, ओढणीचं टोक उलटं केलं आणि म्हणाले, "फसवल्यान गो तुका दुकानदारान. तोंड काय, सगळेच पुसून येतत. पाठ बघूची." असा राग आला मला! कोण हा म्हातारा? दोन धुण्यांत ओढणीचे धागे सुटले आणि माझा रागही गेला.

अंधेरीला, विमानतळाजवळच्या एका बड्या हॉटेलच्या तळघरात आमची लिनन रूम. चादरी, नॅपकिन, मेजवानीचे टेबलक्लॉथ इथून वर जातात आणि मळून इथेच परत येतात. मी तिथली सुपरवायझर, गोवंडीहून रोज येणारी. परबकाका रफूगार. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत कापडातले दोष सुईने काढायचे, त्यांच्याकडे बघून काका शिकले. सिगारेटने भोक पडलेला टेबलक्लॉथ आला की त्याच्याच काठातला धागा ओढून भोक असं भरायचे की बोट फिरवूनही कळू नये. मागच्या बाजूला धाग्यांची टोकं नेहमी एका अंगाला निजवायचे, तेवढीच त्यांची खूण. कुणी वाहवा केली तर वैतागायचे. "दिसलो तर तो रफू कसलो? गप ऱ्हवा!"

मग हॉटेलचे मालक बदलले आणि नव्यांना नवं बोधचिन्ह हवं झालं. लॉबीत कित्येक वर्षं एक जुनं चिनी भरतकाम काचेत टांगलेलं होतं. काही शतकांपूर्वीचं असावं. पिवळसर रेशमावर एक पांढरा क्रौंच, मान खाली झुकवलेली. त्या मानेवर सगळे फिदा झाले. 'पाहुण्यापुढे नम्र झालेली मान' असं पत्रकात छापलं आणि तो क्रौंच चमच्यांवर, साबणावर, पडद्यांवर जाऊन बसला. काका त्याला शेवटपर्यंत 'बगळो'च म्हणत.

त्याच्यामागून नवा नियम आला. जनरल मॅनेजर साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, "क्रौंचाच्या हॉटेलात रफू चालणार नाही. रफू केलेलं सगळं बाजूला काढा." म्हणजे महिनाअखेर काकांचं टेबल बंद. मी खाली येऊन सांगितलं तेव्हा ते "बरा" म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले. तीनदा चुकला. काकांचा दोरा कधी चुकत नसे. थोड्या वेळाने स्वतःशीच पुटपुटले, "घरात बसान मी काय रफू करू? दोन लुगडी आसत." मला फार वाईट वाटलं. त्या टेबलाशिवाय हा माणूस जगणार कसा?

त्याच आठवड्यात लॉबीतल्या भरतकामाची चौकट बदलायची ठरली. एवढं मोठं टेबल आणि बिनधुळीची जागा आमच्याकडेच. चौकटवाल्यांनी स्वच्छ चादरीवर ते पालथं ठेवलं, मागचा पुठ्ठा काढला आणि काचेचं माप घ्यायला वर गेले. काका हात पाठीशी बांधून वाकले. कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"सुजाता, हय ये. हात लावू नको."

मानेपाशी रेशीम आडवं फाटून पुन्हा सांधलेलं होतं. फाटल्या जागेच्या खाली एक पांढरा दोरा, वर दुसरा, किंचित निळसर. आणि सरळ वरच्या दिशेने सुईच्या बारीक, रिकाम्या भोकांची रांग गेलेली, ती वरच्या कापलेल्या काठाशी तुटलेली.

"आधी तो वर बघी होतो," काका हळूच म्हणाले. "डोक्याकडचा गेला फाटान. मगे कोणीतरी उरल्या जागेत डोक्या नवा भरल्यान. जागा कमी, म्हणान मान वाकवल्यान. काय हात आसा गो!" त्यांचे डोळे भरून आले होते.

मी तर उडालेच. "काका, साहेबांची वाट लागली! ज्या पक्ष्यासाठी रफू बंद, तो पक्षीच रफूचा! चला वर, आत्ताच्या आत्ता. तुमचं टेबल वाचलं!"

"नाय."

"का नाय?"

"त्येना ता दिसूक नको म्हणान केल्यान. इतक्या वर्सांत कोणाक दिसला नाय. आता माज्या टेबलासाठी मी त्येचो रफू उघडो पाडू? दुसऱ्याचो रफू गिऱ्हाइकाक दाखवूचो नसता गो."

"अहो, तो मेला कधीच! तुमची नोकरी या महिन्यात जातेय!"

"मेलो, म्हणानच. आता झाकूक त्येका आपल्याशिवाय कोण आसा?"

ते स्वतः जिवंत असेपर्यंत मी कुणाशी बोलायचं नाही, असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही समजूत काढली नाही, फक्त चहा आला की माझा कप माझ्याकडे सरकवायचे.

रफूचे टेबलक्लॉथ वेगळे काढायचं काम माझ्याकडेच होतं. सुलट बाजूने बघून चार सापडले, चारही काकांच्या आधीच्या माणसाने केलेले. "झाला?" काकांनी मिशीत हसत विचारलं. उलटे केले असते तर ढीग निघाला असता. मी एकही उलटा केला नाही. शेवटच्या दिवशी साहेबांनी काकांना क्रौंच असलेला नॅपकिनचा सेट दिला. काकांनी तिथेच, सगळ्यांसमोर, एक नॅपकिन उलटा केला. मशीनचं भरतकाम, मागे नुसता गुंता. "बरो आसा बगळो," म्हणाले आणि पिशवीत ठेवला.

गेल्या हिवाळ्यात काका बोरिवलीला, घरीच वारले. म्हणून आज सांगते आहे. हॉटेलचं नाव मात्र विचारू नका.

त्यांना पोचवून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकांची मेजवानी होती. लॉबीत, क्रौंचाच्या बरोबर खाली, लांबलचक टेबल. टेबलक्लॉथ पसरताना टोक माझ्या हातात उलटं झालं आणि तांदळाएवढी रफूची जागा दिसली. धाग्यांची टोकं एका अंगाला निजवलेली. काकांचीच. मी घाईघाईने कापड सुलट केलं आणि मला रडूच फुटलं.

तेवढ्यात साहेब आले. "काय झालं?"

"सर्दी, सर."

त्यांनी टेबलावरून तळहात फिरवला, नेमका तिथूनच. वर क्रौंचाच्या झुकलेल्या मानेकडे बघून खूश झाले.

"बघितलंत? रफू बंद केल्यापासून कापड कसं एकदम झकास!"

मी डोळे पुसले.

"हो सर," मी म्हटलं. "काहीच दिसत नाही."