कणगीभोवतीची वाट

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, अक्षर रेघेवर राहत नाही, आणि दौतीत पाणी जास्त झाल्यानं शाईही फिकी उमटते आहे. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वाचणार तरी कोण म्हणा... गौरा मोठी झाली तर वाचील. तिच्या आईबद्दल लिहायचं आहे. मी रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून कागद.

नीलाअक्का माझी थोरली जाऊ, गौराची आई. ती गेली तेव्हा मी मुरुडला माहेरी होते, भावाच्या मुलाच्या बारशाला. आमच्या दुकानातला शंकर लातूरहून सायकल हाणत आला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "धाकल्या वैनी, चला. थोरल्या वैनी गेल्या." भावानं गाडी जुंपली. दुपार कलताना आम्ही आमच्या गल्लीत शिरलो, तर समोरून अक्काच येत होती. आमच्यात मयत आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. नवं लुगडं, कपाळाला विभूती, गळ्यात हार, तोंड उघडं, पुढं वाजंत्री. सगळा बाजार दुकानांतून खाली उतरून हात जोडून बघत होता. बारा वर्षांत ज्या रस्त्यावर तिला पाऊल टाकू दिलं नाही, त्याच रस्त्यानं तिला खांद्यांवर बसवून मिरवत नेत होते. मला रडू आलं नाही. अंगाची लाही लाही झाली, ती अजून निवलेली नाही.

अक्का कंधारकडची. माहेरी सकाळी नदीवरून दोन घागरी, मग दिवसभर खुरपणं, कापूस वेचणं, संध्याकाळी दळण. खाणं म्हणजे ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कारळाची चटणी आणि ताक. तिच्यामागून तीन वर्षांनी मी या घरात आले, तेव्हाही ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची. "हळू गं," सासूबाई ओरडायच्या, "शेळी हायेस का?"

आमची धान्याची आडत. मामंजींची ऊठबस कचेरीतल्या बड्या अंमलदारांत. त्या लोकांच्या बायका पडद्याच्या टांग्यातून जायच्या. ते बघून मामंजींनी ठरवलं की आपल्याही सुना तशाच जायच्या, आपण काय कमी आहोत? आमच्यात पडदा कुठला आला होता! माझी आई मुरुडच्या बाजारात मिरच्यांची पाटी घेऊन बसायची. पण इथं देवळाची घंटा घरात ऐकू यायची, तरी देवाला जायचं तर टांगा बोलवायचा, दोन्हीकडून चादर बांधायची. "घोडं तोंड वळवीपर्यंत देव येतो की गं," अक्का चादरीआड मला कोपर मारून म्हणायची. पाणी पखालीवाला आणायचा, दळायला-कांडायला मोलाच्या बायका. आम्ही गादीवर बसून पानं लावायची आणि आल्यागेल्याबरोबर दाट दुधाचा गोड चहा प्यायचा. जेवायला तुपातल्या पोळ्या, भात, सणाला काय सणासुदीविनाही पुरण. भाकरी गड्यांना. अक्कानं एकदा भाकरी मागितली, तर सासूबाई म्हणाल्या, "मग जा की, गड्यांच्या पंगतीला बस."

अक्का फुगत गेली. येणाऱ्या बायका तिच्या दंडाला हात लावून म्हणायच्या, "घर मानवलं गं बाई!" सासूबाईंना कोण अभिमान. जिन्यात तिसऱ्या पायरीवर तिला दम लागायचा, ते कुणाला दिसत नव्हतं. मग मोरीत मुंग्या यायला लागल्या. कुणी गूळ सांडला असेल म्हणून मी आधी धूत राहिले. पण अक्का जाऊन आली की तासाभरात मुंग्यांची रांग. मी तिला सांगितलं, तिनं तिच्या नवऱ्याला, भावजींना सांगितलं आणि शेवटी डॉक्टर आले.

डॉक्टर दिवाणखान्यात, अक्का पडद्याआड, मी तिच्याजवळ. लघवीची शिशी बघून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "दवा मैं देतूं. मगर इनकू रोज कोसभर चलाओ. गेहूं, चावल, मीठा बंद. ज्वारी की रोटी खिलाओ."

"डाक्टरसाब," मामंजी हसून म्हणाले, "हमारे घर की औरतां रस्ते पे नै फिरतीं."

"बीमारी कू तुम्हारा घर मालूम नै, सेठ."

डॉक्टर गेले. बाटली तेवढी कोनाड्यात राहिली. भावजी चांगले आहेत असं सगळे म्हणतात. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "बाबांच्या पुढं मी काय बोलू?"

अक्कानं मग तिची वाट स्वतः काढली. मागच्या खोलीत ज्वारीची मोठी कणगी होती, तिच्याभोवती हातभर रिकामी जागा. पुरुष दुकानात आणि सासूबाई झोपलेल्या, अशा भर दुपारी अक्का लुगडं खोचून त्या कणगीला फेऱ्या घालायची. मी चोरून थापलेली एक भाकरी पदराखाली घेऊन दारात राखण बसायची. "कुठवर आलात अक्का?" मी विचारायची. "वेशीपाशी." थोड्या वेळानं, "आता मारुती आला... आता चिंचेचा मळा." माहेरच्या घरापासून नदीपर्यंतची वाट ती पावलांनी धरून होती. ज्या दिवशी दम पुरायचा नाही त्या दिवशी भिंतीला टेकून हसायची, "शिवे, आज नदीला लई पानी हाय. पल्याड न्हाई जाता आलं." चार महिन्यांत तिचं अंग उतरलं. मोरीतल्या मुंग्या कमी झाल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, कुणी मला खोटं पाडू नये.

शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिच्या पायांनी गोल पन्हळ पडली. सासूबाईंनी ती पाहिली. "इथं घाण्याचा बैल फिरायलाय का काय?" म्हणाल्या आणि दर सोमवारी मला ती लिंपून घ्यायला लावली. मी लिंपायची. अक्का पुन्हा पाडायची.

मग सक्तीच्या लेव्हीचं धान्य घ्यायला सरकारी माणसं गावोगाव फिरायला लागली. मामंजींनी दुकानातली ज्वारीची पोती लपवायला घरात आणली आणि त्याच खोलीत छतापर्यंत रचली. हमाल थप्प्या लावत होते आणि अक्का बघत होती. जी ज्वारी तिला खाऊ दिली नाही, तीच तिच्या वाटेवर आणून ठेवली. ती माझ्याकडे वळली, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी पदर दातात धरून उभी राहिले. शिव्या इतरांना देते आहे, त्यांतली एक माझीही आहे.

पुढं सांगायला थोडंच आहे. अक्का पुन्हा गादीवर. पाय सुजले, जोडवी बोटात रुतली, जखम झाली. "जोडवी कापू या," मी एवढं तरी म्हणाले. "नवरा जित्ता असताना?" सासूबाई म्हणाल्या. जखम भरली नाही. पाऊल काळं पडलं. मी बारशाला निघाले तेव्हा तिनं माझा हात धरला. "मुरुडला चालून घे माझ्या वाटचं," म्हणाली... मी गाडीतून गेले.

अक्का गेल्यावर महिन्यानं पोती विकली गेली. खोली मोकळी झाली, तर खाली ती पन्हळ तशीच. सासूबाई म्हणाल्या, "खड्डे पडलेत, लिंपून घे. अन् गौराला आता साळा बस झाली. दहाची झाली, उंबऱ्याच्या आत ऱ्हाऊ दे."

माझ्या तोंडून आवाज निघाला. मलाच ओळखू आला नाही. "लिंपणार न्हाई," मी म्हणाले. "अन् गौरा चालणार हाय."

"देवळाला जायचं तर टांगा सांगते," त्या गडबडून म्हणाल्या.

"पाय हायेत तिला."

मी गौराचा हात धरून उंबरा ओलांडला. दुकानांत बसलेले लोक बघत राहिले, शंकर पायरीवरून उठून उभा राहिला. गौरा पुढं पळत होती. आमच्या दारापासून देवळापर्यंत तीनशे बारा पावलं होतात. मी मोजली. आता रोज जातो, आणि परतीला लांबच्या गल्लीनं येतो. गौरा शाळेतही जाते. घरात माझ्याशी कुणी धड बोलत नाही.

सोमवारी मी ती खोली सारवते, कोपरे न् कोपरे. कणगीभोवतीची वाट आली की हात उचलते. सासूबाई दारात उभ्या राहून बघतात. बघू देत.